गोव्यात मिशन ट्रिपला येताय? आधी विचारा, मग हात लावा, बोलायचं सगळ्यात शेवटी

मे महिना लागला की आमच्या पडवीत बॅगांचा ढीग पडतो. मिरज, कोल्हापूर, नगर, पुणे, कधी मुंबई. मंडळीचा (म्हणजे चर्चचा) तरुण संघ आठवडाभरासाठी गोव्यात सेवेला येतो आणि उतरायची सोय आमच्याकडे किंवा शेजारपाजारी होते. मी मूळची मिरजेची, लग्न करून डिचोली तालुक्यात आले. पाहुण्यांची मराठी कळते, गावची कोंकणीही कळते. पाहुणे गेल्यावर गाव काय बोलतं, तेही माझ्याच कानावर येतं.

मुलं मनापासून येतात, त्याबद्दल तक्रार नाही. चुकतो तो क्रम. पहिल्या संध्याकाळी गाणी आणि साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं), दुसऱ्या दिवशी काम, आणि निघताना कुणीतरी विचारतं, "काकू, अजून काही हवं होतं का?" हे उलटं करायला शिकवणं एवढाच या लेखाचा उद्योग आहे.

## टप्पा १: आधी यजमान, मग काम (दोन-तीन महिने अगोदर)

"आम्ही दहा जण येतोय, काय करू ते बघू" असा फोन करू नका. "आम्ही रंगकाम करणार आहोत" असाही करू नका. गावात राहणारा, तुम्ही गेल्यानंतरही तिथेच असणारा एक माणूस किंवा संस्था शोधा. स्थानिक मंडळीचे पाळक (पास्टर), पॅरिशचे फादर, आश्रम चालवणाऱ्या सिस्टर्स, पंचायतीतला पंच, बचतगटाच्या बाया, कुणीही चालेल. त्यांना एकच प्रश्न विचारा: "तुमच्यासाठी आम्ही काय करावं?"

यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्याला येशूने हेच विचारलं (बायबल, लूक १८:४१). समोरच्याला दिसत नाही हे कुणालाही कळलं असतं, तरी त्याने विचारलं. आपण मात्र फोटो बघून ठरवतो.

एका वर्षी एक गट पिवळ्या रंगाचे डबे घेऊनच आला. वाड्यावरच्या एकट्या राहणाऱ्या माईंचं घर रंगवायचं ठरवून आले होते. माईंना हवे होते नळे परतून. कौलारू घराचे नळे दर एक-दोन वर्षांनी उतरवून, पुसून, फुटके बदलून पुन्हा बसवावे लागतात, आणि ते काम मेअखेर उरकावं लागतं. त्यांनी दोनदा सांगितलं. मुलांना वाटलं, आजी आभार मानताहेत. भिंती झाल्या सुंदर. जूनच्या पहिल्या पावसात छत गळलं आणि तो पिवळा रंग आतल्या भिंतीवरून ओघळून चुलीपर्यंत आला.

काम ठरवताना ऋतू बघा. गोव्यात वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात.

- एप्रिल-मे: नळे परतणे, गटारं मोकळी करणे, लाकूडफाटा आत घेणे. छपरावर चढायचं काम गावातल्या जाणत्या गड्याला पैसे देऊन द्या. तुम्ही खाली उभं राहून नळे धुवायचे आणि हातोहात वर द्यायचे. शिकाऊ पोरगा छपरावर गेला की पायाखालचे चार नळे फोडूनच खाली येतो.
- पावसाळा: बाहेरचं काम ठरवू नका. वृद्धाश्रमात सोबत, कागदपत्रं, मुलांचा अभ्यास यांसाठी या.
- चवथीनंतर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: माजलेलं रान काढणे, विहिरीचा कट्टा साफ करणे.
- २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर जुन्या गोव्यात सेंट झेवियरचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्त (सण) असतं, पुढे नाताळ. कॅथलिक घरांना त्या दिवसांत तुमच्यासाठी वेळ नसतो. गावची जत्रा कधी आहे तेही विचारून घ्या.

सावध: सर्वांत जास्त लागणारी मदत बहुधा फोटोत येत नाही. गोव्यात खूप घरांतली मुलं आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात आहेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत नेणारं कुणी नसतं. एका दिवसात दोन आजींना बँकेत नेऊन सुखरूप घरी आणणं हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि ते नळे परतण्याइतकंच मोलाचं आहे.

तपासा: यजमानाने सांगितलेलं काम त्यांच्याच शब्दांत तुमच्या वहीत लिहिलंय का? ते पुन्हा वाचून दाखवून "हेच ना?" असं विचारलंत का?

## टप्पा २: माणसं निवडा, भरती करू नका

आठ ते दहा जण पुरे. तीस जणांचा गट म्हणजे यजमानाच्या घरी लग्न. विहिरीचं पाणी, संडास, जेवण, सगळ्यावर ताण येतो आणि निम्मी मुलं मोबाइल चाळत बसतात.

गटात एक गवंडी किंवा सुतार, एक नर्स, हिशेबाला पक्का एक आणि मोडकीतोडकी का होईना कोंकणी बोलणारा एक असेल तर तो पाच उत्तम गायकांपेक्षा भारी गट. गिटार एक पुरे.

पुढारी एकच ठेवा आणि यजमानाशी बोलणं त्यानेच करावं. चौघांनी चार वेळा विचारलं की यजमानाला कळत नाही कुणाला काय उत्तर दिलं.

मुलांसोबत काम असेल तर नियम लेखी हवा: कुणीही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा आडोशाला एकटा राहणार नाही, नेहमी दोघे. लाड म्हणून मांडीवर घेणं, एकट्याला खाऊ देणं, फोन नंबर घेणं बंद. गोव्याचा स्वतंत्र बाल कायदा २००३ पासून आहे, देशभरचा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा २०१२ चा आहे. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर "प्रार्थना करू" म्हणून ते झाकून ठेवणं हा गुन्हा ठरतो. यजमानाला लगेच सांगा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत कळवा. गटात अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांचं संमतिपत्र सोबत ठेवा.

आणि एक. डॉक्टर नसेल तर औषधं वाटू नका, साधी तापाची गोळीसुद्धा.

## टप्पा ३: पैसा

हा भाग थोडक्यात, पण इथेच साक्ष बिघडते.

जेवणाचा, वीज-पाण्याचा खर्च माणशी ठरवून यजमानाला पहिल्याच दिवशी द्या. "नको नको" म्हणतील. पाकिटात घालून टेबलावर ठेवा. सामान शक्यतो गावच्या दुकानातून घ्या, तिकडून आणू नका. कुणालाही हातात रोख मदत देऊ नका. द्यायची असेल तर यजमानामार्फत आणि पावतीवर. परदेशातल्या नातेवाइकाने या कामासाठी पैसे पाठवले असतील तर ते तुमच्या किंवा पाळकसाहेबांच्या वैयक्तिक खात्यात मुळीच घेऊ नका. परदेशी देणगीला कायद्याने नोंदणी लागते.

## टप्पा ४: सहा आठवड्यांची तयारी

गाण्यांचा सराव सगळे करतात. मी सांगते तो सराव वेगळा आहे.

घरी स्वतःचं ताट न उचलणारा मुलगा गोव्यात येऊन भांडी घासेल ही आशा मी सोडून दिली आहे. म्हणून पहिले दोन आठवडे आपल्याच मंडळीत काढा. चर्चचे संडास धुवा, महिला मंडळाच्या जेवणानंतर पातेली घासा, आजारी सभासदाकडे रात्री बसा. ज्याला हे जमलं नाही त्याचं तिकीट काढू नका. कठोर वाटेल, पण यातून वाचलेला मनस्ताप मी डोळ्यांनी पाहिलाय.

पुढचे चार आठवडे दर आठवड्याला एक उतारा वाचा. प्रवचन नको. एक प्रश्न घ्या आणि प्रत्येकाने त्याचं उत्तर द्यावं.

- लूक १०:१-९. येशू पाठवतो तेव्हा म्हणतो, समोर ठेवतील ते खा आणि घर बदलत फिरू नका. आपल्याला काय खाता येत नाही? कुणाच्या घरी राहायला नको वाटेल?
- योहान १३. येशूने शिष्यांचे पाय धुणं. कुणी आपले पाय धुवायला आलं तर पेत्र या शिष्यासारखे आपणही "नको" म्हणू का?
- मत्तय ६:१-६. दान आणि प्रार्थना गुप्तपणे करण्याबद्दल. फोन जवळ नसता तर यातलं कोणतं काम मी केलंच नसतं?
- याकोब २:१५-१७, आणि त्याला जोडून १ पेत्र ३:१५. उपाशी माणसाला नुसतं "सुखी राहा" म्हणणं, आणि कुणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर देणं. दुसऱ्या वचनात "विचारलं तर" आहे, ते अधोरेखित करून घ्या.

मग भाषा. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत मराठी जवळजवळ सगळ्यांना कळते, वर्तमानपत्र मराठीच येतं. पण घरात बोलतात कोंकणी. मराठीत बोललात तर कुणी रागावत नाही. "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" असं मात्र चुकूनही म्हणू नका, चहा थंड होतो. एवढी वाक्यं पाठ करून या:

"कशे आसात?" (कसे आहात). "तुमकां कितें जाय?" (तुम्हाला काय हवं). "हांव मजत करूं?" (मी मदत करू का). "देव बरें करूं" (धन्यवाद, हिंदू-ख्रिस्ती सगळ्या घरांत चालतं). आणि निघताना "येतां हां".

बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ श्रीलंकेत गेले ते भिकाऱ्याच्या वेषात. तिथल्या भाषा शिकले आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक पळत असताना रोग्यांजवळ राहिले. ते कॅथलिक, आपण बहुतेक प्रॉटेस्टंट. पण मिशनला निघालेल्या माणसाने भाषा शिकायची आणि आजाऱ्याजवळ थांबायचं, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत कसली?

तपासा: निघण्याच्या आठवड्यात प्रत्येकाला विचारा, "आपण तिथे का चाललोय?" उत्तरात "अनुभव" हा शब्द तीनदा आला तर त्याच्याशी एकट्याने बोला.

## टप्पा ५: पोचणे आणि पहिला दिवस

तिकीट काढण्याआधी गाव नकाशावर बघा. सगळे मडगावचं तिकीट काढतात. गाव बार्देश किंवा डिचोलीत असेल तर कोकण रेल्वेने येताना थिवीला उतरा. पेडण्यात असेल तर पेडणे स्थानक आहे. मिरजेकडून गोवा एक्सप्रेसने येत असाल तर ती लोंढ्यावरून कुळे, मडगाव करत वास्कोला जाते, तेव्हा सांगे-केपे-धारबांदोड्याकडच्या गटांना ती सोयीची.

पहिल्या दिवशी काम नाही. हे मुलांना पटत नाही, हात शिवशिवत असतात. यजमानाबरोबर गावातून चालत जा. कोणतं घर सुतकात आहे, कुठली विहीर कुणाची, कोणत्या खुरसाजवळ (क्रुसाजवळ) संध्याकाळी लादाईन (प्रार्थना) म्हणतात, देवळाच्या कोणत्या बाजूने चप्पल घालून जात नाहीत, हे बघून घ्या. सरपंचांना किंवा पंचांना भेटून गटाची यादी आणि कामाचं पत्र द्या. दहा अनोळखी तरुण गावात फिरताना दिसले की लोकांनी विचारणं साहजिक आहे. त्यांनी विचारण्याआधी आपण सांगावं.

## टप्पा ६: दिवसाची रीत

सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच सुमाराला उठा. अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने प्रार्थना करावी, मग अर्धा तास एकत्र भक्ती. गाणं म्हणा, पण शेजारच्या घरात बाळ झोपलेलं असू शकतं. स्पीकर घेऊन येऊ नका. भक्तीच्या शेवटी आजच्या कामाची वाटणी करून टाका, म्हणजे भक्ती एकीकडे आणि काम दुसरीकडे असं होत नाही.

आठ ते साडेबारा काम.

एक ते चार कुणाचंही दार वाजवू नका. गोव्यात ही विश्रांतीची वेळ आहे, दुकानंही बंद असतात. दुपारी अडीचला "प्रभूच्या नावाने" दार ठोठावणाऱ्या गटाबद्दल गावाने काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडेचार ते सव्वासहा पुन्हा काम किंवा भेटी. दिवेलागणीला त्यांच्या घरातून निघा. हिंदू घरात तुळशीपुढे दिवा लागतो, कॅथलिक घरात तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू होतो. ती त्यांची देवाजवळ बसायची वेळ.

रात्री जेवणानंतर वीस मिनिटं गोल बसा. आज किती काम झालं ते विचारू नका. तीनच प्रश्न: आज आपल्याला कुणी काय दिलं? आज आपण कुणाला दुखावलं? उद्या कुणाला विश्रांती हवी? दुसऱ्या प्रश्नाला पहिले दोन दिवस कुणी तोंड उघडत नाही. तिसऱ्या दिवशी उघडतात.

सावध, प्रकृतीचं: गटारं किंवा चिखलातलं काम असेल तर गमबूट आणि हातमोजे घालाच. पायाला जखम असलेल्याने त्या दिवशी स्वयंपाकघर सांभाळावं, पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून येतो, म्हणून उन्हाळ्यात काजूबागेत किंवा रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आल्यावर अंघोळ करून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीला ११२.

## टप्पा ७: घरात शिरताना

खरं मिशन इथे होतं, आणि बिघडतंही इथेच. क्रम असा ठेवा.

१. दोघेच जा. सहा जणांनी एकदम आत शिरू नका. दोघांत एक बाई असेल तर उत्तम.

२. चप्पल बाहेर, नजर खाली नाही, वरही नाही. घरात देव्हारा असेल, तुळस असेल, ओरातोरवर (घरातल्या वेदीवर) सायबिणीची (मरियेची) मूर्ती असेल. त्यावर एक शब्दही नको, कौतुकाचा खोटा शब्दसुद्धा नको. एका मुलाने एका कॅथलिक काकूंना मूर्तींवरून बायबलातल्या आज्ञा ऐकवल्या होत्या. काकूंनी शांतपणे ऐकून त्याला लाडू दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं दार बंद.

३. बसा, पाणी घ्या. "नको, आत्ताच प्यालो" म्हणू नका. आधी घेतल्याशिवाय द्यायला लागणं यालाच मी उर्मटपणा म्हणते. पेज दिली तर पेज, हुमण (माशाची आमटी) दिलं तर हुमण. खायला खरंच जमत नसेल (ॲलर्जी वगैरे) तर सरळ सांगा, सोलकढी तरी प्या. काही घरांत प्रेमाने वाइन किंवा हुर्राक (काजूची दारू) पुढे करतात. गटाचा नियम आधीच ठरलेला असू दे. "मी कामावर आहे" म्हटलं की पुरतं. दारूवर प्रवचन देऊ नका.

४. पुन्हा विचारा. यजमानाने सांगितलेलं काम दोन महिन्यांपूर्वीचं असतं. आज कदाचित दुसरंच हवं असेल.

५. काम तेवढंच करा. उत्साहात कपाट आवरू नका, "जुनं" म्हणून काही फेकू नका. आजारी माणसाला उचलायचं असेल तर नर्सने दाखवल्याशिवाय हात लावू नका.

६. बोलू द्या. म्हातारं माणूस एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल तर ती तिसऱ्यांदा ऐका. घड्याळ बघायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या आजोबांकडे परसातला पाचोळा काढायला दोघांना पाठवलं होतं. पाणी पिताना एकाने विचारलं, "तुमकां कितें जाय?" आजोबांनी थोडा वेळ पायांकडे बघितलं. नखं वाढून वळली होती, वाकता येत नव्हतं, आणि सून परदेशी. मुलाने आधी येऊन मला विचारलं, त्यांना मधुमेह आहे का? (हे त्याला गटातल्या नर्सने शिकवलं होतं. मधुमेह असेल तर नखांना आपण हात लावायचा नाही, दवाखान्यात न्यायचं.) नव्हता. मग घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्याने आजोबांचे पाय बुडवून ठेवले आणि तोवर खाली बसून भाताच्या कोठीची गोष्ट ऐकली. नखं कापायला पाऊण तास लागला. पाचोळा तसाच राहिला. जाताना आजोबांनी विचारलं, "तूं खंयचो रे? आनी हें कित्याक करता?" (तू कुठला रे? आणि हे कशासाठी करतोस?)

पुढचा टप्पा या प्रश्नानंतर सुरू होतो, त्याआधी नाही.

## टप्पा ८: विश्वासाबद्दल बोलण्याची वेळ

त्या मुलाचं उत्तर मला नंतर कळलं: "मिरजेचा. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून आम्हीपण शिकतोय." झालं, दोन वाक्यं. आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, उद्या ये, पाचोळा राहिलाय.

नियम म्हणून लिहायचं तर असे:

- विचारलं तरच बोला, आणि विचारलं तेवढंच. स्वतःचं सांगा. त्यांच्या देवाबद्दल, त्यांच्या धर्माबद्दल मत देऊ नका.
- वस्तू देताना, औषधपाणी करताना, जेवण वाढताना विश्वासाची गोष्ट काढू नका. हात पुढे केलेल्या माणसाला "नको" म्हणता येत नाही, त्या वेळी त्याला सुवार्ता (येशूचा संदेश) ऐकवणं म्हणजे सौदा. सुवार्ता पत्रिकांचा गठ्ठा बॅगेतच राहू दे. खरं तर घरीच ठेवून या.
- प्रार्थना करायची तर परवानगी घ्या: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" "नको" आलं तर "बरं" म्हणा आणि हसा. "हो" आलं तर अर्धा मिनिट, हळू आवाजात, हात न लावता. बरं होण्याचं वचन देऊ नका. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवते.
- लहान मुलांशी आई-वडिलांच्या अपरोक्ष धर्माची गोष्ट नाही. बायबलच्या गोष्टीसुद्धा नाहीत.
- कॅथलिक शेजारी हे तुमचं "क्षेत्र" नाहीत. रविवारी मिस्साला (कॅथलिक उपासनेला) गेलात तर खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, आणि कम्युनियनच्या (पवित्र भाकर देण्याच्या) वेळी जागेवरच बसा. ते कॅथलिकांसाठी असतं.

सावध: कुणी जमावाने जाब विचारायला आलं तर वाद घालू नका, व्हिडिओ काढू नका. हातातलं काम थांबवा, यजमानाला आणि सरपंचांना बोलवा, पत्र आणि यादी दाखवा. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने तुम्हाला धर्मस्वातंत्र्य आहे. समोरच्यालाही त्याच कलमाने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, आणि "थांबा" म्हटल्यावर थांबणं त्यातच आलं.

## टप्पा ९: फोटो

आजारी माणूस, लहान मूल, रडणारी बाई, कुणाच्या घराचा आतला भाग, यांचे फोटो नाहीत. आश्रमातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचीही मनाई आहे. आहे तो फोटो गटाचा, शेवटच्या दिवशी, एक. बाकी फोन दिवसभर पिशवीत, पिशवी माझ्याकडे.

## टप्पा १०: चौथा दिवस

चौथ्या दिवशी भांडण होतं. माझ्या पाहण्यात एकही गट सुटलेला नाही. झोप कमी, ऊन, घामोळं, आणि "मीच काम करतो, तो नुसता गातो". याची सोय आधीच करून ठेवा.

चौथ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी घ्या. "एकांती चला आणि थोडा विसावा घ्या" हे येशूने शिष्यांना सांगितलं तेव्हा त्यांना जेवायलाही फुरसत नव्हती (मार्क ६:३१). समुद्रावर जायचं तर सगळे मिळून, उजेडात. लाल बावटा लावलेल्या भागात पाण्यात उतरायचं नाही आणि पावसाळ्यात अजिबातच नाही. भाड्याच्या दुचाकी शक्यतो नकोच. घ्यायचीच तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा हात वर करतो.

भांडण मिटवायचं तर सगळ्यांसमोर "चला, प्रार्थना करू" म्हणून झाकू नका. ज्याने आवाज चढवला त्याने त्याच माणसाला, त्याच दिवशी "माझं चुकलं" म्हणावं. गावात पाय धुणाऱ्यांना एकमेकांची बादली भरून देता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी कामाला जाऊच नये, घरी बसून कांदे चिरावेत. मी चिरून घेतले आहेत.

## टप्पा ११: निघताना आणि नंतर

दोन दिवस आधीच प्रत्येक घरी सांगा की आपण परवा निघतोय. एकट्या माणसाला सकाळी अचानक रिकामा ओटा दाखवू नका.

वहीत लिहून यजमानाला द्या: कुठे काय झालं, काय अर्धवट राहिलं, कुणाला पुढे काय लागेल. कुणाच्या घरी गळा काढून "पुढच्या वर्षी नक्की येतो" म्हणू नका. माई अजून एका गटाची वाट बघतात. त्याला सात वर्षं झाली.

पंधरा दिवसांत हिशेब आपल्या मंडळीला आणि यजमानाला, दोघांना पाठवा. मंडळीत साक्ष सांगताना गावाचं आणि माणसांचं नाव घेऊ नका, "बिचारे" हा शब्द टाळा, आणि तुम्ही काय दिलंत याआधी तुम्हाला काय मिळालं ते सांगा.

शेवटचं काम: गटातल्या एकाने, एकानेच, यजमानाला महिन्यातून एकदा फोन करायचा. दहा जणांनी पहिल्या आठवड्यात केलेले दहा फोन नको.

नखं कापणारा मुलगा यंदा आला नाही, त्याला नोकरी लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारनंतर त्याचा फोन येतो. मी कुंपणाजवळ जाऊन फोन स्पीकरवर टाकते आणि आजोबांच्या कानाशी धरते. गेल्या वेळी पोदेराने पावाची किंमत वाढवली यावर दोघं दहा मिनिटं बोलत होते.